कातडी पिकवणं

हंगाम सुरू झाला की मिठागरावर सगळ्यांचेच हात जळतात. म्हणून सुनेचे हात लाल झाले तेव्हा कुणी त्याकडे नीट पाहिलंही नाही.

"पावसाळाभर घरात बसलीस ना," सासू म्हणाली, "कातडी कच्ची झाली. पुन्हा पिकवावी लागणार."

मिठागरावर असंच बोलतात. नवं माणूस कामाला आलं की त्याच्या बाह्या वर करायच्या, हातांवर वाफ्यातलं खारं पाणी ओतायचं आणि त्याला भर उन्हात उभं करायचं. पाणी वाळतं, मीठ कातडीवर राहतं, मग पुन्हा ओतायचं. कातडी आधी लाल होते, मग सोलून निघते, आणि खालून जी येते ती चपलेच्या तळासारखी. तिला काही लागत नाही. सासूनं अशी अर्धीअधिक वस्ती पिकवली होती. स्वतःच्या मुलालाही तिनंच, आणि लग्न होऊन आली तेव्हा सुनेलाही. त्या वेळी सुनेनं तोंडातून शब्द काढला नव्हता. सासू हे अजून लोकांना कौतुकानं सांगायची.

आता सासू स्वतः वाफ्यात उतरत नव्हती. गुडघे गेले होते. ती पत्र्याच्या शेडमध्ये बसून दाभण आणि सुतळीनं पोत्यांची तोंडं शिवायची. वाफ्यात मुलगा आणि सून. वाफा जोडीलाच मिळायचा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हातात लांब दांड्याची लाकडी फळी. एकानं मिठाची पापडी फोडत ढकलायची, दुसऱ्यानं ओढून बांधाशी ढीग करायचा. रोज. हात लागला नाही तर पापडी घट्ट होते, चार दिवसांत दगड. मग तो दगड फोडताना तळाचा चिखल वर येतो आणि वाफा त्या हंगामापुरता मेला. म्हणून मुकादमाचा नियम साधा होता. जोडी तुटली की वाफा दुसऱ्या जोडीला. गेलेला वाफा परत मिळाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि या घराचा वाफा सासूनं आणि सासऱ्यानं तरुणपणी पायांनी तुडवून तुडवून तयार केलेला. त्याचा तळ कुणाच्याही अंगणापेक्षा सपाट होता.

पावसाळ्यात सुनेला काय झालं होतं ते घरात कुणी नाव घेऊन बोलत नसे. झालं काहीच नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. विचारणाऱ्यांना सांगायला एखादं धड दुःख असतं तर बरं झालं असतं. ती फक्त उठेनाशी झाली. केस विंचरेना, ताटातलं संपवेना. हाक मारली तर ती हाक फार लांबून आल्यासारखी बघायची. आणि एका दुपारी, भरतीचं पाणी जिथून आत घेतात त्या दाराशी, ती गळ्यापर्यंत पाण्यात दिसली. नुसती उभी. सासूनं तिला केसांना धरून ओढून काढलं, बांधावर आणलं, दोन थोबाडीत मारल्या आणि मग तिला छातीशी घेऊन स्वतःच मोठ्यानं रडली.

मग शहरातला डॉक्टर. त्यानं गोळ्या दिल्या, रोज जेवणानंतर एक. बरेच दिवस फरक पडला नाही. एका सकाळी सून चुलीपाशी येऊन म्हणाली, "आत्या, भूक लागलीय." सासूनं देवापुढे डोकं टेकलं ते कितीतरी वेळ उचललं नाही.

आणि आता हे.

लाली हातांवर थांबली नाही. चेहऱ्यावर चढली, मानेवर, गळ्याखाली, पायांच्या पंजांवर. हातांच्या पाठीवर पाण्यानं भरलेले फोड आले. मिठागरातलं ऊन वरूनही येतं आणि खालूनही. पांढऱ्या पापडीवरून उसळतं आणि हनुवटीच्या खाली लागतं. तिथंसुद्धा भाजल्यासारखं झालं. पोटरीवर, पाठीवर, जिथं कापड होतं तिथं मात्र कातडी जशीच्या तशी.

"लाली लावून आलीस का गं?" शेजारच्या वाफ्यावरून टिटवी ओरडली. बोलणं थांबत नसे म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. "एवढी नटून कुणाला दाखवायचंय? इथं बघायला नुसते बगळे आहेत!"

सुनेनं हसायचा प्रयत्न केला. ओठाचा कोपरा चिरला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत सासू शेडमधून तांब्या घेऊन आली. "बाह्या वर कर."

"आत्या, हे आधीसारखं नाही. आतून भाजतंय. सावलीत गेलं तरी थांबत नाही."

"सगळ्यांना असंच वाटतं. तू पहिली वेळ विसरलीस."

"मी काहीच विसरले नाही."

"मग कर वर."

सुनेनं बाह्या वर केल्या. फुटलेल्या फोडांवर खारं पाणी पडलं तेव्हा ती ओरडली नाही, पण तिनं सासूकडे असं पाहिलं की सासूचा हात थांबला. जरासाच.

"माझ्यावर काय डोळे काढतेस? तुझ्या चांगल्यासाठीच करतेय ना?" असं म्हणून सासूनं दुसरा तांब्या ओतला, आणि तिला बांधावर उन्हात बसवून, वाळेपर्यंत स्वतः शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुनेची मूठ वळेना. फळीचा दांडा तिनं बोटांच्या आकड्यात अडकवला आणि कोपरांनी ओढू लागली. समोरून नवरा म्हणाला, "जरा जोर लाव की. माझ्याकडे सगळं साचतंय."

"लागत नाही जोर."

"मग सावकाश कर, पण थांबू नकोस. तो बघतोय."

तो म्हणजे मुकादम. बांधावर काळी छत्री धरून उभा होता. सावकाश चालत आला, सुनेपासून चार हात अंतर ठेवून उभा राहिला आणि तिच्या हातांकडे, मग तोंडाकडे बघत राहिला. बैल विकत घ्यायला आल्यासारखा.

"हे काय आहे?"

"ऊन लागलंय," नवरा म्हणाला.

"ऊन आम्हालाही लागतं. आमचं असं होत नाही." मुकादमानं नाकाला रुमाल लावला. वास कसलाच नव्हता. "दुसऱ्यांना लागलं म्हणजे?"

"लागायचं नाही हो ते."

"तू डॉक्टर आहेस का?"

नवरा गप्प बसला. गप्प बसायला त्याला फार वेळ लागत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या पिंपाशेजारी, जिथं सगळ्यांचा मग साखळीला बांधलेला असे, तिथं खांबावर एक नवा खिळा होता आणि खिळ्याला तेलाचा रिकामा डबा टांगला होता. कड कापलेली, दुमडलेलीही नव्हती. "हा तिचा," मुकादम कुणाकडेच न बघता म्हणाला. "मगाला हात लावायचा नाही."

रांगेत नवरा तिच्या पुढेच होता. तो सगळ्यांच्या मगानं पाणी प्यायला, हातातला मग खाली सोडला, तोंड पुसलं आणि फळी खांद्यावर टाकून चालू लागला.

सुनेनं डब्यात पाणी घेतलं. पाण्यावर तेलाचा तवंग आला. ती प्यायली, कारण दिवसभर मिठात उभं राहायचं होतं. त्या दुपारी टिटवीनं आपला जेवणाचा डबा उचलून लांब नेला, आणि नेताना उगीचच म्हणाली, "तिकडं वारा चांगला आहे गं."

शेडच्या दारातून सासूनं हे सगळं पाहिलं. संध्याकाळी घरी आल्यावर ती मुलाला म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. एक दिवस टिटवीच्या भावजयीला आणि दिराला वाफ्यात उभं कर. मी सांगते तिला."

दवाखाना म्हणजे एक खोली, मध्ये पडदा, बाहेर बाकडं. बाकड्यावर बसलेली माणसं सुनेला पाहून सरकली. डॉक्टरांनी तिच्या हाताकडे टेबलाच्या पलीकडूनच पाहिलं.

"उन्हात जाता का?"

"मिठागरात काम आहे आमचं," सासू म्हणाली.

"अच्छा." डॉक्टरांनी पहिल्यांदाच तिघांकडे मान वर करून पाहिलं. "या गोळीनं काही जणांना ऊन सोसत नाही. इतरांना थोडं तापेल त्यात यांची कातडी भाजते. होतं असं. कुणाला लागणारं वगैरे नाही हे. पण उन्हात जायचं नाही."

 बाहेर कुणीतरी खोकलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?" सुनेनं विचारलं. आवाज इतका हळू होता की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं.

"म्हणजे, माहीत असतंच. पण सगळ्यांना होत नाही ना. प्रत्येकाला सगळं सांगत बसलो तर माणूस घाबरून गोळीच घेणार नाही."

"मी काय काम करते ते तरी विचारलं होतंत?"

"बाई, बाहेर रांग बघा केवढी आहे."

"बघितली. त्यातच बसून आले. उन्हात जाऊ नका, एवढं बोलायला किती वेळ लागतो? आत्ता बोललात, किती लागला?"

"अगं, डॉक्टर आहेत ते," नवरा म्हणाला.

"असू देत." तिनं दोन्ही हात टेबलावर, डॉक्टरांच्या कागदांवर ठेवले. फोडांतलं पाणी कागदाला लागलं. "यावर रोज खारं पाणी ओतलंय आम्ही. उन्हात वाळवलंय."

"भाजलेल्यावर मीठ?" डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. "हे कुणी सांगितलं?"

सासूनं नजर खाली घातली. सून तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही काहीच सांगितलं नाहीत ना, म्हणून आमचं आम्हाला जे येत होतं ते केलं."

डॉक्टरांचा आवाज मग बदलला. त्यांनी स्वतः उठून हात पाहिले, मलम दिलं. गोळी एकदम बंद करायची नाही, म्हणाले. हळूहळू कमी करू, दुसरी सुरू करू, तीही सोसेलच असं सांगता येत नाही. महिना-दीड महिना जाईल. तोवर ऊन अजिबात नको. सगळं अगदी नीट, सावकाश समजावून सांगितलं. रांग तेवढीच होती.

परत येताना नवरा पुढे, त्याच्या मागे सासू, शेवटी सून डोक्यावरून फडकं ओढून.  बोलणं घरी गेल्यावर, दार लावल्यावर झालं.

"मी काय म्हणतो," नवरा म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत गोळी बंद ठेवू. मग परत चालू कर. आता तर तू बरी आहेस."

"गोळी घेते म्हणून बरी आहे."

"तू मनानं घट्ट राहिलीस तर काही होत नाही. दीड महिना वाफा कोण सांभाळणार? उद्या परवा मुकादम दुसरी जोडी उभी करेल. आजच्यापुरती टिटवीची माणसं आली. रोज येतील का?"

"आणि मी परत पाण्यात गेले तर?"

"काहीतरी बोलू नकोस."

"बोलणार. सगळे म्हणता, तिला बरं नव्हतं. मला बरं नव्हतं, असं नाही. मी मरायला गेले होते." चुलीजवळचं भांडं तिनं इतक्या जोरात खाली ठेवलं की कातडी फाटून बोटावर रक्त आलं. "पाणी गळ्यापर्यंत आलं होतं आणि मला तेही कंटाळवाणं वाटत होतं. ते तुला कळणार नाही, मी कळवतही नाही. पण तिथं मी परत जाणार नाही. तुझ्या वाफ्यासाठी तर नाहीच."

"माझ्या वाफ्यासाठी? सगळ्या घराचं पोट आहे त्यावर!"

"घराचं? माझा डबा वेगळा टांगला तेव्हा घर कुठं होतं? तू माझ्यापुढेच उभा होतास. मगानं पाणी पीत होतास गटागटा. एक शब्द बोलला असतास! एक!"

नवऱ्याचा चेहरा तिच्याइतकाच लाल झाला. तो उठला, फडताळातलं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि खिशात घातलं. "संपला विषय."

"काढ ते," सासू म्हणाली. ती दारापाशी भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच.

"आई, तू मध्ये पडू नकोस. तूच म्हणत होतीस ना, पिकेल, पिकेल म्हणून?"

"म्हणत होते. ओतलंही मीच. तो माझा मूर्खपणा, त्याचा जाब मला द्यायचाय आणि तो मी देईन, तुला नाही." सासू भिंतीला धरून उभी राहिली. "पण हिला पाण्यातून ओढली तेव्हाही मीच होते. तू पत्ते खेळत होतास. त्या दिवशी हिचं अंग असं गार होतं... माझ्या हातांना ते अजून लागतं, देवापुढे हात जोडले तरी लागतं. वाफा मी पायांनी तुडवलाय, गेला तर मी रडेन. हिला परत ओढायला मात्र माझ्यात ताकद नाही. काढ पाकीट."

नवऱ्यानं पाकीट काढलं, पण हातात न देता फडताळावर फेकलं आणि बाहेर निघून गेला. सुनेनं पाकीट उचललं. त्यातली एक गोळी घेतली, पाणी प्यायली. सासूकडे पाहिलं नाही.

सकाळी सून उठली तेव्हा सासू गुडघ्यांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळत होती.

"हे काय, आत्या?"

"वाफा जोडीला मिळतो. मी आणि तो. तू शेडमध्ये बस. दाभण पत्र्याच्या फटीत खोचलेलं असतं, डाव्या बाजूला. सुतळी ओली करून घे, नाहीतर तुटते."

"तुमच्यानं होणार नाही."

"मग बघ होत नाही ते." सासूचा आवाजही गोड नव्हता. "ऊन चढायच्या आधी चल. तोंड झाक."

उजाडता उजाडता दोघं वाफ्यात उतरली, मायलेक समोरासमोर. नवरा खाली मान घालून फळी ढकलत होता. म्हातारी ओढत होती. पायांना जुनी सवय होती, गुडघ्यांना नव्हती. दर थोड्या वेळानं ती दांड्यावर वाकायची, उभी राहायची, पुन्हा ओढायची.

सून शेडमध्ये पोत्यांमध्ये बसली. पोत्याचा ताग सोललेल्या बोटांना किसणीसारखा लागत होता. टाके वाकडे आले, पण आले.

मुकादम छत्री मिटून दारात आला. मागून हमाल पोती न्यायला आले होते, त्यांच्याबरोबर पाणी प्यायला आलेल्या दोन-तीन बायका. टिटवीही.

"ही इथं कशी?"

"शिवतेय," सून म्हणाली.

"ही जागा मावशीला, तुझ्या सासूला दिलीय. घराला नाही दिलेली."

"आणि वाफा जोडीला दिलाय. जोडी उभी आहे. जाऊन मोजा."

"म्हातारी दोन दिवसांत बसेल."

"बसेल तेव्हा या."

मुकादमानं मागं वळून माणसांकडे पाहिलं. एवढ्या हळू आवाजात त्याला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. "पोत्यांना हात लावू नकोस. हे मीठ लोकांच्या घरात जातं. ऊठ तिथून."

"उठत नाही."

"ऊठ म्हटलं ना!"

"उठवायचं असेल तर हाताला धरून उठवा." सुनेनं दाभण पोत्यात टोचून ठेवलं आणि उजवा हात पुढे केला. फोड फुटून सोललेला, मलमानं चकाकणारा हात. "धरा."

मुकादम एक पाऊल मागे सरकला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, लागणारं नाही. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, लागतं. आता सगळ्यांसमोर एकदा कळू दे. लागत नसेल तर धरा हात, मला उन्हात नेऊन उभी करा, आणि जाता जाता तो डबा तेवढा खिळ्यावरून काढा. लागत असेल तर मला शिवू नका. मी इथंच बसते."

 तिचा हात हवेत तसाच राहिला, खाली आला नाही.

"धरा की हो, मुकादम," टिटवी म्हणाली. "पोर कधीची हात पुढे करून बसलीय."

एक हमाल फिसकन हसला. मुकादमानं छत्री उघडली, शेडच्या आतच, मग ती दारातून जाईना म्हणून पुन्हा मिटली. "बघतो मी," तो म्हणाला. "मालकांना सांगतो." आणि तो बांधाबांधानं निघून गेला.

सुनेनं दाभण उपसलं. टिटवी जरा रेंगाळली, काहीतरी बोलायचं होतं. सुनेनं मान वर केली नाही तशी तीही गेली.

दुपारी सासू शेडपर्यंत आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच मटकन बसली. पोटऱ्यांवर पापडीनं चिरा पडल्या होत्या, त्यांत मीठ गेलं होतं. शेडमध्ये बसून बसून तिचेही तळहात मऊ झाले होते आणि दांड्यानं त्यांची सालं निघाली होती. तिनं ते मांडीवर उताणे ठेवले.

"पाणी दे गं."

सुनेनं पाणी दिलं. सासू सगळं प्यायली.

"राग आहे अजून?"

"आहे."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर. तुमच्या लेकावर. त्या डॉक्टरवर. या सगळ्यांवर."

सासूनं मान हलवली.  मग विचारलं, "देवावर?"

सुनेनं सुतळी दातांनी तोडली. "त्याचं आणि माझं मी बघेन. तुम्ही मध्ये पडू नका."

सासू चकित होऊन तिच्याकडे बघत राहिली. तिनं भांडं खाली ठेवलं, दोन्ही हात चौकटीला टेकून उठली आणि उन्हात गेली.